वारज्याच्या बेसमेंटमधला खडक

उल्का दातारांना स्वस्थ बसणं म्हणून माहीत नव्हतं. सदाशिव पेठेतल्या घरात त्या फोनवर बोलतानाही येरझाऱ्या घालत. सरकारी भूशास्त्रज्ञ झाल्यामुळे या सवयीला निदान पगार मिळाला. आयुष्यभर टेकड्या पालथ्या घातल्या.

त्या मंगळवारी चुळबुळ जरा जास्तच होती. त्यांनी केलेल्या पुणे परिसराच्या भूशास्त्रीय नकाशाला दुसऱ्या टप्प्याचा निधी मिळायचा होता आणि निधीआधी तपासणी होती. तपासणी समितीच्या सदस्याने नकाशावरच्या ठिकाणी जायचं, खडकाचा फोटो मोबाइलमधल्या ॲपवर चढवायचा. एक जरी ठिकाण नापास झालं, तर नकाशा परत. मग उल्काबाईंचे तीन कंत्राटी सहकारीही परत, आपापल्या घरी.

शेवटचं ठिकाण वारज्यातलं. नोंद केली तेव्हा तिथे उघडी टेकडी होती आणि काळ्या पाषाणात उभी घुसलेली दुसऱ्या खडकाची पट्टी भिंतीसारखी लांबून दिसायची. आता तिथे बारा मजले होते. जमिनीचे मूळ मालक आणि आता सोसायटीचे अध्यक्ष असलेले पोपटराव उल्काबाईंना आणि समितीच्या सदस्यांना बेसमेंटमध्ये घेऊन गेले.

"खडक हाय की. लई चिवट. बिल्डरनं शेवटी नाद सोडला त्याचा."

खडक होता, आणि जागेवर होता. सोसायटीने त्यावर 'येथे वाहने लावू नयेत' असं रंगवलं होतं आणि खाली दोन स्कूटर लावल्या होत्या.

समितीचे सदस्य यज्ञेश्वर सबनीस यांनी फोन वर धरला, खाली धरला, खांबाला टेकवून पाहिला. तळघरात रेंज नव्हती. आपण कुठे आहोत हे ॲपला कळेना, आणि ते कळल्याशिवाय फोटो घेणं त्याच्या नियमात बसत नव्हतं.

उल्काबाईंनी गाड्यांमधून दोन-तीन फेऱ्या मारल्या. प्रत्यक्ष पाहिला असं लिहून सही करा, असं त्यांनी सुचवलं.

"लिहायला जागाच नाही, मॅडम. दोनच बटणं आहेत. एक फोटो, नाहीतर 'खडक आढळला नाही'."

तोडगाही सबनीसांनीच काढला. त्यांच्या सांगण्यावरून पोपटरावांनी पहारीने एक ढलपा काढला आणि बाहेर रॅम्पवर, जिथे रेंज होती, उन्हात आणून उल्काबाईंच्या हातात दिला.

नव्या मुलांना उल्काबाई पहिल्याच दिवशी बजावत असत की सुटा दगड म्हणजे पुरावा नव्हे, तो कुठूनही आलेला असतो. एकाला त्यांनी यावरून रडवलंही होतं.

"बाकीच्या जिल्ह्यांत काय करता तुम्ही?"

"असाच दगड बाहेर ठेवतात ते. इतका वेळ कुणी घेत नाही."

दोन बटणं, दोन्ही खोटी. निधी त्यातल्या एकाच खोट्याला होता.

त्या वाकल्या आणि दगड सिमेंटवर ठेवला. उभ्या राहिल्या, पुन्हा वाकल्या. निदान त्याच्या भेगा तरी तळघरात होत्या त्याच दिशेला असाव्यात म्हणून तो थोडा फिरवला. मग आणखी थोडा.

"मॅडम, आता सोडा त्याला," सबनीस म्हणाले, "फोटोत तुमचा हात येतोय."