घोडीला सक्तीची विश्रांती

उभी हयात कारखान्यात बेअरिंगं बदलण्यात गेली. त्यामुळे सांधा म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही, असा माझा समज. मुलीची घोडी मागच्या पायाने आखडत चालायला लागली, तेव्हा तो समज मी बिचारीवर वापरला.

घोडी अडथळ्यांवरून उड्या मारणारी. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, सांध्यात इंजेक्शन दिलं. संधिवात होता; जाणार नाही, पण सांभाळला तर घोडी वर्षानुवर्षं काम देईल, म्हणाले. दोन-चार दिवस आराम, मग रोज चालवायची. पुढे ते येऊन बघणार. नीट दुडकली तर उड्या, नाहीतर रिटायर.

मुलगी परीक्षेला इंदूरला निघाली. घोडीची निगा राखणारा सईसही गावी गेलेला. तिने जाताना बजावलं, "बाबा, रोज फिरवायची हं. तुमचं इंजीनियरिंग लावू नका."

लावलं. खडखडणारं मशीन कुणी चालू ठेवतं का? मी घोडीला ठाणावरच उभी ठेवली. वर मायेपोटी बिट्टन मार्केटातून पिशव्या भरभरून गाजरं. मुलगी परत येईतो घोडीचं माझ्यासारखंच पोट सुटलं होतं.

डॉक्टर आले. सांधा दुखतो का ते बघायला त्यांनी घोडीचा पाय उचलून दुमडून धरला, सोडला आणि म्हणाले, "दौड़ाइए." दोरी माझ्या हातात. माझ्या डाव्या गुडघ्यालाही मी हाच विश्रांतीचा उपचार देत आलो होतो. कोपऱ्यावरच्या दुधालासुद्धा स्कूटर. चार ढांगा टाकल्या नाहीत तोच हाक आली.

"अंकल, रुकिए ज़रा. लंगड़ा कौन रहा है?"

मुलगी हसली नाही. तिने माझ्या हातातून दोरी घेतली आणि स्वतः धावली. आता घोडी एकटीच लंगडत होती, लख्ख दिसेल अशी.

"रोज फिरवली ना, बाबा?"

"फिरवायचा विचार रोज केला."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. उभं राहून सांधा जास्तच आखडला, वर वजनाचा भार. "एक महीना और देखते हैं. और गाजर बंद." मुलीने दोरी माझ्याच हातात कोंबली.

मग रोज सकाळी सपाट रस्त्यावर आमची वरात. सुरुवातीला दोघंही पाय मोजून टाकायचो. थोडं चाललं की घोडी मोकळी व्हायची आणि मला ओढत न्यायची. महिन्याने मुलीने तिला पळवली. पाय दुमडून धरल्यावरही पावलं सारखी पडली. डॉक्टर म्हणाले, छोट्या उड्या चालतील, मोठ्या विसरा. मुलीने मान डोलावली आणि बराच वेळ घोडीच्या मानेवर गाल टेकून उभी राहिली.

आता ती बाहेरगावी जाते तेव्हा दोरी सईसाकडे देते. माझ्यादेखत सांगते, "भैया, दोनों को घुमाना. बाबा को पहले."