एक मीटरचा जिना

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे. उरलेलं अर्धं तुम्हाला सांगतो.

चार वर्षांपूर्वीचा मार्च, रविवारची सकाळ. बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीची कमिटी मीटिंग, हजर सात जण, सेक्रेटरी मी. विषय एकच – तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या सामंत बाईंचा गणिताचा क्लास. मी टेप लावून जिना मोजला होता. रुंदी एक मीटर. राहत्या घरांना तेवढा चालतो. शिकवणीच्या जागेला दीड मीटर लागतो, शिवाय बाहेर पडायला दोन वाटा. आणि ते बरोबरच आहे – घरातला माणूस धुरातही दार शोधेल, तासाभरासाठी आलेलं मूल कसं शोधणार? एका बॅचला सव्वीस मुलं. आग लागली तर?

बाईंना क्लास बंद करण्याची नोटीस द्यायचं ठरलं. मग खजिनदार म्हणाले, "साहेब, तुम्ही आहात म्हणून या बिल्डिंगमध्ये झोप लागते."

घरी बायको ऑर्डरच्या चकल्या तळत होती. "अहो, बाईंच्या घरात निदान नुसते फळा नि बाक आहेत," ती म्हणाली, "आपल्या गॅलरीतले धंद्याचे चार सिलिंडर कधी मोजलेत का?"

"ते घरगुती आहे," मी म्हणालो. घरगुती कशावरून, ते मलाही सांगता आलं नसतं. तिने पुढची चकली तेलात सोडली.

नियम खरा, आकडे खरे. मग कबुली कसली? सांगतो. सांगायला बसलोय खरा, पण अजून आडवळणानेच चाललोय.

त्या मीटिंगच्या आदल्या आठवड्यात मी निनादला, माझ्या मुलाला, क्लासमधून आणायला गेलो होतो. दाराशी चार-पाच पालक उभे होते. बाई सरळ म्हणाल्या, "निनादचे बाबा, त्याला सायन्सला घालू नका. तो भीतीने पाठ करतो हो, त्याला गणित कळत नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "आणि बाबा अख्ख्या सोसायटीचे हिशेब तपासतात!" सगळे हसले. मीही हसलो. निनाद चपला घालत होता, त्याने वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेप काढली. त्याआधी सहा वर्षं तो क्लास चालू होता, जिना तेवढाच होता – तेव्हा मला आगीची काळजी का वाटली नाही?

पण हेही पूर्ण नाही.

नोटीस मिळाल्यावर बाई माझ्याकडे आल्या. भांडल्या नाहीत. "मला हे माहीतच नव्हतं," म्हणाल्या, "उद्या काही झालं असतं तर? खालचा सोसायटीचा हॉल संध्याकाळी रिकामाच असतो ना? तळमजला आहे, दोन दारं आहेत. भाडं देईन. माझं घर या क्लासवरच चालतं हो."

तो हॉल मी मीटिंगच्या आधीच मोजला होता. दारं रुंद होती, दोन्ही थेट कंपाउंडमध्ये उघडत होती. मुलं तिथे सुरक्षित राहिली असती – हे मला माहीत होतं आणि मी कमिटीपुढे ते काढलंच नव्हतं.

मी म्हणालो, "नाही बसत, बाई. नियमात नाही बसत."

त्यांनी मान डोलावली. आकड्यांच्या बाबतीत माझ्यावर कुणी शंका घेत नाही – त्यांनीही घेतली नाही.

मे महिन्यात त्या वसईला गेल्या. ओळखीची मुलं नाहीत, पुन्हा पहिल्या विद्यार्थ्यापासून सुरुवात. बाक त्याच जिन्यावरून एकेक करून उतरवले, वळणावर अडत होते. सोसायटीचा नियम आहे, सामान हलवणाऱ्या भाडेकरूने शिफ्टिंग चार्ज भरायचा – दोन हजार. बाईंनी तो रोख भरला, सोसायटीला. मी दोनदा मोजून घेतला.