कडैमडैला काय?

आमच्या मेलकावेरीच्या गल्लीत पाटबंधारे खात्यातला एक इंजिनीअर राहतो. नवा कालवा काढायचा म्हटला, की खर्च किती, लाभ किती, हे जोखणं त्याचं काम. कुठलीही चांगली बातमी सांगा, हा चष्मा पुसत विचारणार, "कडैमडैला काय?" कडैमडै म्हणजे कालव्याच्या शेवटाकडची शेतं. देवळात पोंगलचा प्रसाद वाटताना रांग बघूनसुद्धा हेच विचारतो, आता बोला!

परवा साक्कोट्टैहून त्याची थोरली बहीण तणतणत आली. तिच्या शेताजवळून काढायच्या नव्या कालव्यावर यानं "खर्च जास्त, लाभ कमी" असा अभिप्राय दिला होता. मी त्याच्याकडेच बसले होते.

"सख्खा भाऊ पाण्याच्या खात्यात, नि माझं भात करपतंय!"

"अक्का, तुला पाणी मिळालं असतं गं."

"मग अडवलंस कशाला?"

"ते पाणी आज खालच्या गावांना जातं. तुझा लाभ मांडला, तर त्यांचा तोटा मांडायला नको?"

मला त्याचं पटलं. पण करपत होतं ते अक्काचंच भात. ती जेवलीच नाही. बसथांब्यापर्यंत हा तिची पिशवी घेऊन मागोमाग गेला. तिनं पिशवी तेवढी घेऊ दिली.