सदा भावजींनी जपून ठेवलेलं

मी ह्यांचा डबा भरत होते, तेव्हा खाबुऱ्याहून अर्बाबचा, म्हणजे सदा भावजींच्या शेतमालकाचा, फोन आला. "सदा गिर गया. जल्दी आओ, यल्ला!" डबा तसाच टाकून आम्ही दोघं अल् घुब्राच्या आमच्या घरून निघालो. आम्ही इस्पितळात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. त्याला आता काही आठवडे झाले, तरी माझा राग काही जात नाही. दुःख आहेच... पण राग जास्त आहे.

सदा भावजी ह्यांच्या मालवणकडच्या गावचे, नात्याने लांबचे भाऊ. इथे आखातात, खाबुऱ्याच्या शेतावर, प्लॅस्टिकच्या बंद शेडमध्ये ते काकडी पिकवायचे आणि औषध फवारायचं कामही त्यांच्याकडेच असे. माणूस भारी गप्पिष्ट. मवालेहच्या बाजारात माल उतरवला की आमच्याकडे जेवायला यायचे, सोलकढी कमी पडली तर हक्काने भांडायचे. येताना काकड्यांची पिशवी ठरलेली. "वयनी, बाजारातली घेव नको हां. ही कडेची रांग वेगळी, हेच्यार मी औषध मारूक नाय." म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. शेतावरच्या विहिरीचं पाणी ते स्वतः पीत नसत. तिथे मधमाश्या दिसेनाशा झाल्या, हेही तेच सांगायचे. आमच्या मुलांच्या पोटात काय जाऊ नये याची एवढी काळजी, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र...

गेल्या वर्षभरात त्यांचे हात थरथरू लागले होते. चहाचा कप बशीवर वाजायचा. जेवता जेवता दरदरून घाम फुटायचा, समोरचं धूसर दिसतं म्हणायचे. एकदा मी विचारलंच, "भावजी, फवारताना तोंडाला काय बांधता?"

"ओलो टॉवेल. गार वाटता."

"का? अर्बाब मास्क देत नाही?"

"देता ओ वयनी, दर मोसमाक नवो देता," असं म्हणून त्यांनी विषय सुरमईवर नेला. मग ह्यांनी त्यांना जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. औषध श्वासातून आणि कातडीतून अंगात भिनतंय, फवारणी आजच थांबवा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भावजी म्हणाले, "ह्यो मोसम काढतंय आणि गावाक जातंय." तो मोसम काही त्यांच्याच्याने निघाला नाही. फवारणी करतानाच शेडमध्ये कोसळले.

त्यांचं सामान आवरायला आम्हीच गेलो. खाटेखाली गावी न्यायची मोठी बॅग होती. आखातात राहणाऱ्या आमच्या कोकणातल्या माणसांच्या खाटेखाली ती असतेच. नवं काही हाती आलं की वापरायचं नाही, बॅगेत टाकायचं. साबणाच्या वड्या निघाल्या, अत्तराच्या बाटल्या निघाल्या, बायकोसाठी घेतलेली चादर निघाली, आणि त्याखाली मास्क. फवारणीचे, चांगले जाड, प्रत्येक आपापल्या पिशवीत बंद. हातमोजे आणि चष्मेही तसेच, कोरे करकरीत. इतकी चांगली वस्तू शेतावर कशाला खराब करायची! गावी धाकटा भाऊ प्रकाश आंब्यावर फवारणी करतो, त्याला होतील म्हणून साठवलेलं सगळं. मी तिथेच खाली बसले आणि गेलेल्या माणसाला मोठमोठ्याने शिव्या घातल्या. ह्यांनी मला थांबवलं नाही.

बॅग आम्ही होती तशी गावी पाठवली. परवा भावजींच्या बायकोचा, सुलभाचा फोन आला. यंदा मोहोर चांगला आलाय, प्रकाश सकाळपासून बागेत फवारतोय, असं सांगत होती. मी घाईने विचारलं, "मास्क लावतो ना गं तो?"



"नाय ओ ताई. भावाची आठवण म्हणान तेणा सगळे कपाटात नीट ठेवल्यान हत. कोणाक हात लावूक देना नाय."