भिंतींचा विमा, भांड्यांचा विमा

इतकी वर्षं लोटली, तरी कावासाकीतली ती चौकशी माझ्या मनातून गेलेली नाही.

नव्वदच्या दशकात आपल्या पोलीस खात्यातर्फे तपासपद्धतीच्या प्रशिक्षणासाठी मी काही महिने जपानच्या कावासाकी शहरात होतो. एका सकाळी तिथल्या पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. आदल्या दुपारी एक दुमजली लाकडी इमारत जळाली होती. सुदैवाने जीवितहानी नव्हती. आग ज्या घरातून पसरली तिथे मराठी जोडपं भाड्याने राहत होतं. नवरा विद्यापीठात संशोधक. तो परिषदेसाठी परगावी होता. घरी बाई एकट्याच होत्या. त्यांनी आठच दिवसांपूर्वी विमा उतरवल्याची खबर घरमालकाने दिली होती. बाईंना जपानी जेमतेम येई आणि घाबरल्यामुळे इंग्रजीही सुचेना, म्हणून मला दुभाषा नेमलं.

तपास अधिकारी शांत माणूस, प्रत्येक उत्तर स्वतः लिहून घेणारा. विमा कशाचा, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "घराचा." मी इंग्रजीत तसंच सांगितलं, त्याच्या सहकाऱ्याने ते जपानीत सांगितलं. अधिकाऱ्याचं पेन थांबलं. दुसऱ्याच्या इमारतीचा विमा भाडेकरू कशाला उतरवेल? तिथून प्रश्नांचा सूर बदलला.

बाई रडल्या नाहीत. शेजारणीने दिलेल्या स्वेटरच्या बाह्या ओढत बसल्या. संशय का वाढला हेच त्यांना कळत नव्हतं. मला काहीतरी खटकलं. परवानगी घेऊन मी मराठीत विचारलं, "ताई, विमा भिंतींचा की भांड्यांचा?"

"भिंती मालकांच्या, साहेब. त्यांचा विमा ते बघतील. आमची भांडी, कपडे, ह्यांची पुस्तकं, तेवढ्याचाच आमचा."

विमा कंपनीकडून फॅक्सने अर्जाची प्रत मागवली. इमारत आणि घरातलं सामान असे दोन वेगळे रकाने होते; खूण फक्त दुसऱ्यावर होती. चूक माझ्या भाषांतराची होती. ती मी तिथेच कबूल केली.

तरी आठ दिवसांचा प्रश्न उरलाच. तेव्हा बाईंनी आगीतून पळताना उचललेल्या पर्समधून जपानी शिकवणीची वही काढली. एकच वाक्य पाच वेळा गिरवलेलं, वर विमा उतरवण्याआधीची तारीख, शिक्षिकेच्या लाल शाईतल्या दुरुस्त्या: 'स्वयंपाकघराच्या भिंतीतून जळका वास येतो.' ते पाठ करून त्या दोनदा मालकाकडे गेल्या होत्या. काहीच झालं नाही, तेव्हा शिक्षिकेनेच त्यांना निदान सामानाचा विमा काढायला सांगितलं.

शिक्षिकेने दुजोरा दिला. अग्निशमन दलाच्या अहवालातही आगीचं मूळ भिंतीतलं जुनं वायरिंगच निघालं. मालकाने तक्रार ऐकल्याचं मान्य केलं आणि बाईंसमोर बराच वेळ कमरेतून वाकून उभा राहिला. इमारतीचं प्रकरण त्याच्या विमा कंपनीकडे गेलं, सामानाची भरपाई बाईंना मिळाली. नवऱ्याची संशोधनाची टिपणं मात्र दोन्ही विम्यांत बसत नव्हती.

परत आल्यावर ठाण्यात मी एक शिस्त लावून घेतली. जबाब वाचून दाखवला की विचारायचो, "तुम्हाला असंच म्हणायचं होतं ना?" 'नाही' हे उत्तर इतक्यांदा आलं, की त्याआधी मी घेतलेल्या जबाबांची मला भीती वाटू लागली.