देवीदासशेजारचं ताट

आम्ही जुन्या मैत्रिणी जमलो की ओपीडीच्या गोष्टी निघतातच. एकीनं सुरू केलं की दुसरीला आठवतं, आणि चहा गार! ऐंशी सालच्या आसपास वर्ध्याच्या एका दवाखान्यात, मनोविकारांच्या विभागात मी सिस्टर होते. हसवायला म्हणून बसते आणि दरवेळी कौसल्याबाईंवर येऊन अडते.

*

बाई समुद्रपूरकडच्या. तरुण मुलगा देवीदास, त्याच्या कानात कोणीतरी दिवसभर शिव्या द्यायचं. पोरानं जेवणच सोडलेलं. गळ्यात दोरे, दंडाला ताईत! मुंबईहून आलेले आमचे नवे डॉक्टर म्हणाले, "आधी हे सगळं काढा."

"राहू द्या न साहेब," बाई म्हणाल्या. "तुमी तुमचं करा, देव त्याचं करन. एकट्याले झेपन का?"

*

महिन्याच्या गोळ्या आठवड्यात संपल्या. का, तर घरातल्या सगळ्यांनीच घेतल्या!

"अहो, कशासाठी?" डॉक्टर ओरडलेच.

"पीडा घरावर आली साहेब. मंग औषध एकट्या पोरानं काऊन घ्यावं?"

अख्खं घर सासऱ्यासकट झोपून होतं. बैलांना पाणी दाखवायला शेजारी आले म्हणे! आम्ही पोट धरून हसलो. बाईही हसल्या.

*

मग ताटाचं प्रकरण निघालं. बाई देवीदासशेजारी आणखी एक ताट वाढायच्या, त्या आवाजासाठी! "उपाशी असन बिचारा, म्हून शिव्या देते."

डॉक्टर चिडले. "भ्रमाला खतपाणी घालू नका, बाई."

"पन त्याच्या संगतीनं माहा पोरगा दोन घास खाते न! मी मेल्यावर याले जेवला का म्हून कोन विचारन, साहेब?"

डॉक्टर पुढच्या गोळ्या लिहू लागले. मला मात्र रडू आवरेना.

*

पुढे गोळ्या लागू पडल्या. शिव्या थांबल्या, देवीदास कापूस वेचायला जाऊ लागला. मग एका उन्हाळ्यात बाई गेल्या. त्यानंतर तो एसटीनं एकटाच आला, वाळून गेलेला.

"पुन्हा आवाज येतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"येते. पन आता मायचा हाय. रोज म्हनते, 'जेवला का रे बाबू?' साहेब, गोळी वाढवू नका न."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तू काय सांगतोस तिला?"

"जेवलो म्हनतो," देवीदास म्हणाला. "खोटंच. नाई तं माय रडते."