थोरली हरली होती

आमच्या शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात आला आणि हळूच म्हणाला, "सर, बाबी मेस्त्री गेलो." आठवीचा इंग्रजीचा तास चालू होता. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून झालं होतं, ते मी पूर्ण केलं, खडू खाली ठेवला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. मनात आलं, सुटलो... आता कोणी काही विचारणार नाही. त्याला सहा आठवडे झाले. सुटलो तर नाहीच, उलट रोज थोडा जास्त अडकतो आहे. आमच्या कट्टा गावच्या बाजारात अजूनही लोक म्हणतात, मेस्त्री हुशार खरा, पण त्या दिवशी घाटात त्याने घोळ केला. हे लिहितो आहे ते त्या लोकांसाठी.

बाबी मेस्त्री नाक्यावरचा गाड्यांचा मेकॅनिक. शिक्षण चौथी, पण इंजिनाला कान लावून दुखणं सांगायचा, आणि आम्हा पदवीधर मास्तरांपेक्षा बाजारात त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याच्याकडे एक अमेरिकन गाडी होती. पोर्तुगिजांच्या अमलात गोव्यात उतरलेली, आठ सिलिंडरची, फिकट हिरवी, मागे माशासारखे दोन पंख. म्हापशाचं एक कुटुंब कायमचं लिस्बनला निघालं तेव्हा त्याने ती घेतली आणि तिचं नाव ठेवलं थोरली. पेट्रोल इतकं प्यायची की पंपावरचे लोक म्हणायचे, "मेस्त्री, तुझी थोरली हय थांबणा नाय, बिऱ्हाड करता!" बाबी हसायचा. पंचक्रोशीतला नवरदेव मात्र थोरलीतूनच जायचा. तिच्या त्या घुमणाऱ्या आवाजाने वरात यायच्या आधीच गावाला कळायचं.

माझा मेहुणा बोटीवर नोकरीला. एकदा त्याने अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरातून गाड्यांचं जाडजूड मासिक आणलं. त्यात एक लांबलचक लेख होता. वीस वर्षांपूर्वीची दांडगट अमेरिकन गाडी आणि त्याच घराण्यातली यंदाची नवी, दोघींना एकाच रस्त्यावर पळवून केलेली तुलना. मी तो बाबीला दाखवला. जुनीचा फोटो बघताच तो म्हणाला, "ही आमच्या थोरलेची भैन!" मग नवीचं नाव आपोआप धाकली पडलं. दर रविवारी सकाळी त्याच्या शेडमधल्या बाकड्यावर बसून मी लेखाचा एकेक तुकडा मालवणीत करून सांगायचो आणि तो सुताच्या बोळ्याने हात पुसत ऐकायचा.

त्याचा पहिला प्रश्न होता, "आवाजाचा काय लिवल्यानी?" लिहिलं होतं की जुनीचा आवाज कानांच्या आधी छातीला ऐकू येतो. बाबीने डोळे मिटले. "बरोबर लिवल्यान मेल्यान. आत बसान बगल्यान आसतलो." नव्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, हे ऐकून मात्र तो खो खो हसला. "म्हणजे घड्याळ बगून जेवणारी सून ती! डोक्यात वायरी नि पोटात काय नाय." त्या सकाळी फार सुखाच्या होत्या. शाळेत मी जे शिकवतो त्याचा एवढा उपयोग मला आयुष्यात दुसरीकडे कुठे दिसला नव्हता.

तिसऱ्या रविवारी निकालाचं पान आलं. सरळ रस्त्यावर जुनी मागे नव्हती, पण वळणांवर आणि ब्रेकमध्ये नवी कितीतरी पुढे होती. जुनीच्या ब्रेकबद्दल तर त्यांनी हातचं राखून लिहिलं नव्हतं. दोनतीनदा जोरात दाबले की तापतात, तापले की पकड सोडतात, भरलेली गाडी घेऊन डोंगर उतरू नये. शेवटी निकाल धाकलीच्या बाजूने. मी वाचता वाचता थांबलो. "मगे? जिकली कोण?" बाबीने विचारलं. त्याचा हात थोरलीच्या बॉनेटवर होता. मी म्हणालो, "थोरली." ब्रेकचा परिच्छेद सरळ गाळला. वाटलं, कुणाचं काय बिघडतंय? दुसऱ्या दिवसापासून बाबी बाजारभर सांगत सुटला, "मास्तरांनी वाचून दाखवल्यानी, अमेरिकेत थोरली जिकली!" हॉटेलात लोक मला बोलावून चहा पाजायचे आणि ते पुन्हा सांगायला लावायचे. मीही सांगायचो. दर वेळी थोडं मीठ-मसाला लावून.

थोरली तोवर घाटाखालच्या रस्त्यांवरच धावत होती. मालवण, कुडाळ, फार तर सावंतवाडी. दोन महिन्यांनी तिला कोल्हापूरच्या लग्नाचं बोलावणं आलं. बाबी मुद्दाम शाळेत आला, देवळात यावं तशा चपला काढून व्हरांड्यात उभा राहिला. "मास्तरांनू, एक इचारूचा होता. त्या बुकात घाटाचा काय लिवलेला आसा? ब्रेकांचा? माझ्या मनात चारच माणसां घेवची. ते आठ म्हणतत." त्याच्या हातांना शंका आली होती. मी म्हणालो, "तुला काय वाटतं?" तर तो म्हणाला, "माझो आपलो अंदाज. तेंनी मीटर लावन बगल्यानी."

खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरलं असतं. पण माझ्या शेजारी मुख्याध्यापक उभे होते, त्यांनाही मी थोरलीच्या विजयाची गोष्ट दोनदा सांगितली होती. इंग्रजीच्या मास्तराने दोन महिने गावाला खोटं वाचून दाखवलं, हे तिथे उभं राहून कबूल करायचं... माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "घाटाचं वाईट काही लिहिलेलं नाही. बिनधास्त जा." "मगे आठ घेतंय," बाबी म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

निघायच्या दिवशी रिवाजाप्रमाणे थोरलीच्या पुढे नारळ ठेवला आणि गावच्या म्हाताऱ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी थोरली घाटार चल्ली हा. तिच्या वाटेत काय वाकडानाकडा आसात, ता दूर कर रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" त्यात माझाही आवाज होता, चांगला खणखणीत. वाटेतलं वाकडंनाकडं मीच होतो आणि नारळाचा प्रसाद हातावर घेऊन घरी आलो.

जाताना काही झालं नाही. परतीला करूळ घाट उतरताना, वैभववाडी खाली दिसायला लागली होती, तेव्हा ब्रेक तापले आणि पेडल तळाला गेलं. बाबीने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली. आठही माणसं वाचली. त्याचा डावा पाय गुडघ्यात मोडला, तो पुन्हा कधी वाकला नाही. मी दवाखान्यात गेलो ते सगळं सांगायचं ठरवूनच. मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला, "मास्तरांनू, बुकाक दोष नाय हां. माझाच चुकला. गियर मी उशिरान टाकलंय." मी मोसंबी उशाशी ठेवली आणि परत आलो.

त्यानंतरची चार वर्षं थोरली शेडमध्ये उभी राहिली. वराती दुसऱ्या गाड्यांकडे गेल्या. बाबी रोज संध्याकाळी काठी टेकत यायचा, स्टीअरिंगमागे बसायचा आणि उजव्या पायाने ब्रेक दाबत राहायचा. "काय करतोस रे?" "खंय चुकला ता बगतंय." घाटातलं एकेक वळण आठवायचा, दाबायचा, सोडायचा, मान हलवायचा. मी शेजारच्या सीटवर बसलेला असायचो. कितीदा शब्द ओठांपर्यंत आले... आणि मी म्हणायचो, "चल, चहा घेऊया."

बाराव्यानंतर बाबीच्या बायकोने, वहिनींनी, मला घरी बोलावलं. ते मासिक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलं होतं. "थोरली जिकली ता एकदा परत वाचून दाखवा, मास्तरांनू. तेंका मस्त बरा वाटायचा." मी पान उघडलं आणि या वेळी जे छापलं होतं ते वाचलं. ब्रेकचा परिच्छेद वाचला, डोंगराचं वाक्य वाचलं, निकाल वाचला. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"ह्या तेवापासून हयच लिवलेला होता?"

"होय."

"चार वर्सां ते थंय बसान सोताक गाळी घालीत होते, मास्तरांनू." आवाज जराही न चढवता एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. बराच वेळ थांबलो, पण त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

मग मी निघालो आणि जाता जाता शेडमध्ये शिरलो. थोरलीचा दरवाजा उघडाच होता. मी वाकून आत पाहिलं. क्लचच्या पेडलवरचं रबर अजून जसंच्या तसं आहे. ब्रेकचं मात्र झिजून मधोमध लोखंड उघडं पडलं आहे, आणि ते चकचकीत आहे. चार वर्षांत ती गाडी एक फूटही हललेली नाही.